व्हिएन्नात दहा दिवस: राजवाडे पाहून झाल्यावर

नाशिकच्या एका निवृत्त दांपत्याने विचारले आहे की, मुलगा नोकरीनिमित्त व्हिएन्नात असल्यामुळे ते तेथे दहा दिवस राहणार आहेत. शॉनब्रुन आणि हॉफबुर्ग हे राजवाडे मुलगा दाखवणारच आहे, पण बावीस वर्षे मराठी माणसांना युरोपात फिरवणाऱ्या टूर मॅनेजरला स्वतःला त्या शहरात सर्वांत अधिक काय आवडले, आणि साठी ओलांडलेल्या, शाकाहारी व मद्य न घेणाऱ्या दोघांना त्यातले काय जमेल?

राजवाडे अवश्य पाहा. त्यांच्याविषयी मी येथे अधिक लिहीत नाही, कारण त्यांची माहिती तुम्हाला कोठेही मिळेल. मला या शहराचा लळा लागला तो आउगार्टन नावाच्या बागेच्या दारात. शिकारीसाठी राखलेले प्राटरचे रान सम्राट दुसरा योझेफ याने १७६६ साली सर्वांसाठी खुले केले आणि १७७५ साली आउगार्टन ही राजघराण्याची बागही लोकांना दिली. तिच्या प्रवेशद्वारावर त्याने कोरून घेतलेला मजकूर आजही वाचता येतो. त्याचा आशय असा की, हे रंजनाचे स्थान सर्व माणसांना, त्यांची कदर करणाऱ्याकडून अर्पण. व्हिएन्नातले जे जे मला मनापासून आवडले, ते सगळे या ओळीच्या आसपासचेच आहे. करमणूक ही येथे सामान्य नागरिकाच्या वाट्याची गोष्ट मानली जाते, तिच्यासाठी कायदे झाले, जागा राखल्या गेल्या, आणि परदेशी पाहुण्यालाही त्यात सहज शिरता येते. त्यासाठी पैसे फार लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. तो तुमच्याकडे आहे, म्हणूनच हे उत्तर मी सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे स्टेट ऑपेरामधली उभ्याची जागा. ही इमारत २५ मे १८६९ रोजी मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने सुरू झाली. ती बांधणाऱ्या दोन वास्तुविशारदांवर शहराने इतकी टीका केली की त्यांपैकी फान डेर न्युल याने उद्घाटनाच्या आदल्या वर्षी आत्महत्या केली, आणि त्याचा सहकारी झिकार्ड्सबुर्ग काही आठवड्यांतच वारला. पुढे मार्च १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ रोजी, बेटहोफेनच्या 'फिडेलिओ'ने ते पुन्हा उघडले. तुम्ही उभे राहाल तो मजला त्या पुनर्बांधणीतला आहे. दर्शनी भाग आणि मुख्य जिना मात्र मूळचेच आहेत.

बसण्याच्या चांगल्या जागांचे दर येथे दोनशे युरोंच्याही वर जातात, पण त्याच प्रेक्षागृहात चारशेहून अधिक जागा उभ्यांसाठी राखलेल्या आहेत आणि त्यांचा दर चांगल्या जेवणापेक्षाही कमी असतो. त्यांतल्या उत्तम जागा तळमजल्यावर, एके काळच्या शाही कक्षाच्या बरोबर खाली आहेत. म्हणजे सम्राटाच्या दृष्टीची रेषा आणि उभ्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीची रेषा जवळजवळ एकच. ही तिकिटे प्रयोगाच्याच दिवशी मिळतात. पूर्वी त्यासाठी दुपारपासून रांगेत बसावे लागे. आता ती ऑनलाइन काढता येतात, तेव्हा निघण्यापूर्वी मुलाला ऑपेराच्या संकेतस्थळावर वेळ पाहून ठेवायला सांगा.

आत गेल्यावर आपली जागा राखण्याची जी पद्धत आहे, ती मला फार प्रिय आहे. समोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायचा, आणि मग निर्धास्तपणे बाहेर जाऊन पाणी प्यायचे. बांधलेल्या रुमालाला कोणी हात लावत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका बाईंनी आपली ओढणी बांधली, तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी ती नीट घडी करून पुन्हा बांधून दिली आणि त्या रात्री कोण गाणार आहे, त्या गायिकेने मागच्या वेळी कोठे दम कमी घेतला होता, हे सर्व त्यांना मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितले. ते गृहस्थ अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा येत होते. आपल्या संगीत नाटकांच्या काळात पिटातल्या प्रेक्षकाचा जो दरारा होता, तोच येथे उभ्यांचा आहे. त्यांची दाद मिळाली की गायक तरला, असे मानतात. १९९१ साली गायक प्लासिदो दोमिंगोच्या 'ऑथेल्लो'नंतर येथे ८० मिनिटे टाळ्या चालल्या आणि कलाकारांना १०१ वेळा पडद्यापुढे यावे लागले.

उभे राहणे झेपेल का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. टेकायला कठडा असतो, मध्यंतरात जिन्यावर किंवा दालनांत बसता येते, आणि एखादा अंक ऐकून निघून गेलात तरी कोणी वावगे मानत नाही. पहिल्या खेपेस वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा निवडू नका. त्याचे प्रयोग चार-पाच तासांचे असतात. पुच्चिनीचे 'ला बोएम' निवडा, ज्यात संगीत दोन तासांहून कमी आहे, किंवा मोझार्टची 'जादूची बासरी'. प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, त्यावर संवादांचे इंग्रजी भाषांतर येत राहते. कथानक मात्र आदल्या दिवशी वाचून जा. वाद्यवृंदाच्या खड्ड्यात जे वादक बसलेले दिसतील, त्यांच्यातूनच १८४२ साली स्थापन झालेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सदस्य निवडले जातात. नववर्षाच्या सकाळी दूरदर्शन संचावर जगभर ऐकू येतो तो हाच वाद्यवृंद. पाय अगदीच साथ देत नसतील, तर वसंतात आणि सप्टेंबरमध्ये अनेक प्रयोग इमारतीच्या बाहेरच्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवले जातात. समोर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि कसलेही शुल्क नसते. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. त्या दिवसांत नगरभवनासमोरच्या चौकात रात्री ऑपेरा आणि मैफलींची चित्रमुद्रणे दाखवतात, तीही विनामूल्य.

दुसरी गोष्ट कॉफीगृहांची, आणि येथे मी माझी एक चूक सांगतो. पहिली काही वर्षे मी गटाला एका नामांकित कॉफीगृहात नेत असे, चाळीस मिनिटे देत असे आणि बिल आणायला उशीर होतो म्हणून वाढप्यावर चिडत असे. एका वयस्क वाढप्याने मला शांतपणे सांगितले की, पाहुण्याने मागितल्याशिवाय बिल आणणे म्हणजे त्याला ऊठ म्हणणे, आणि ते येथे असभ्य समजतात. त्या दिवसापासून मी कॉफीगृहासाठी अख्खी दुपार ठेवतो. एका कॉफीवर तुम्ही तीन तास बसू शकता. लाकडी दांडीत अडकवलेली वर्तमानपत्रे वाचायला मिळतात, आणि चांदीसारख्या छोट्या तबकात कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, जो रिकामा झाला की न मागता पुन्हा भरून मिळतो. हे पाणी आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचे आहे. पहिली जलवाहिनी १८७३ साली आणि दुसरी १९१० साली पूर्ण झाली, आणि आजही घराघरांत तेच पाणी येते. बाटलीचे पाणी विकत घेऊ नका.

व्हिएन्नात कॉफी कशी आली याची एक गोष्ट तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: १६८३ च्या वेढ्यानंतर पळालेल्या तुर्की फौजेच्या छावणीत हिरव्या बियांची पोती सापडली आणि कोल्शित्स्की नावाच्या हेराने ती मागून घेतली. गोष्ट रंजक आहे, पण कॉफी विकण्याचा पहिला परवाना १६८५ साली मिळाला तो योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. २०११ साली ऑस्ट्रियाने या कॉफीगृह संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

कोठे जावे? काफे सेंट्रालपुढे पर्यटकांची रांग असते. तेथील कमानी सुंदर आहेत, पण रांगेतून आत गेलेल्या माणसाला निवांत बसवत नाही, म्हणून ते दारातून पाहावे. मी काफे श्पेर्ल सुचवेन. ते १८८० चे आहे, आत बिलियर्डची टेबले आहेत आणि दुपारचे ऊन खिडक्यांतून जुन्या गाद्यांवर पडते. दुसरे, काफे हावेल्का. हे लहान, अंधारे आणि १९३९ पासूनचे आहे. रात्री आठनंतर तेथे भट्टीतून ताजे बुख्टेल्न निघतात, म्हणजे आत फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव; पिठात अंडे असते, हे मात्र लक्षात ठेवा. नुसती कॉफी मागू नका, नाव घेऊन मागा. मेलांज म्हणजे दुधाच्या फेसाची सौम्य कॉफी, ती तुम्हाला रुचेल. ब्राउनर म्हणजे थोड्या दुधाची काळी, लहान किंवा मोठी. आइनश्पेनर काचेच्या पेल्यात येते, वर घट्ट फेटलेली साय असते. घोडागाडी हाकणाऱ्यांना एका हातात लगाम धरून पिता यावी आणि सायीखाली ती गरम राहावी म्हणून ती निघाली, असे सांगतात. उठायचे असेल तेव्हा 'त्साहलेन, बिट्टे', म्हणजे 'पैसे द्यायचे आहेत', असे म्हणा आणि पाच-दहा टक्के बक्षिशी ठेवा.

तिसरी गोष्ट नाशिककरांना सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण ती द्राक्षबागांची आहे. व्हिएन्ना महानगराच्या हद्दीत, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, सुमारे सहाशे-सातशे हेक्टर द्राक्षबागा आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत, व्यवसायाच्या आहेत. १७ ऑगस्ट १७८४ रोजी त्याच दुसऱ्या योझेफने आज्ञा काढली की, कोणाही नागरिकाने स्वतः पिकवलेली वाइन आणि खाद्यपदार्थ वर्षाच्या कोणत्याही काळात, हव्या त्या दराने आपल्या घरी विकावेत. त्यातून हॉयरिगर ही संस्था उभी राहिली. हॉयरिग म्हणजे यंदाचे. यंदाची वाइन आणि ती विकणारे घर या दोहोंनाही तेच नाव. खरे जुन्या वळणाचे घर वर्षातले काही आठवडेच उघडे असते आणि स्वतःच्याच बागेची वाइन देते. उघडे असले की दारावर पाइनच्या हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगतात. ग्रिन्त्सिंगमध्ये बसगाड्या भरून पर्यटक येतात आणि वादक टेबलाजवळ येऊन फर्माईश विचारतात. त्यापेक्षा नुसडोर्फ, नॉयश्टिफ्ट किंवा नदीपलीकडचे श्टामर्सडोर्फ बरे.

येथली खास वाइन म्हणजे गेमिश्टर झाट्झ. तुमच्याकडे एका प्लॉटात एकच वाण असतो आणि दुसरा मिसळला तर माल नाकारला जातो. येथे एकाच बागेत पांढऱ्या द्राक्षांचे निदान तीन वाण शेजारी शेजारी लावतात, एकत्रच तोडतात आणि एकत्रच गाळतात. कोणताही एक वाण निम्म्याहून अधिक असता कामा नये, असा २०१३ पासून नियमच आहे. यामागचे जुने कारण बागाइतदाराला लगेच पटेल: एखाद्या वाणाला फुलोऱ्यात थंडीने गाठले तर दुसरा वाचतो, आणि एखादा आंबट राहिला तर दुसऱ्याची गोडी ते सांभाळून घेते. वाइन घेत नसलात तरी बागेतून फिरताना ओळींतली ही सरमिसळ पाहा, आणि मालक सापडला तर छाटणीवर बोला. माझ्या गटातले दिंडोरीकडचे एक बागाइतदार एका मालकाशी तासभर केवळ हातवारे करून बोलले होते, आणि दोघेही तृप्त दिसत होते.

तुम्ही तेथे द्राक्षाचा रस मागा. तो प्रत्येक घरी असतो. शरद ऋतूत मोस्ट मिळते का विचारा. मोस्ट म्हणजे नुकताच गाळलेला, न आंबलेला गोड रस. तोच दोन-चार दिवसांत आंबू लागला की त्याला श्टुर्म म्हणतात, त्याच्या बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत कारण वायूने ती फुटेल, आणि तो लिंबाच्या सरबतासारखा दिसत असला तरी त्यात मद्यार्क असतो. हा फरक विचारल्याखेरीज कोणी सांगणार नाही.

खाणे आतल्या काउंटरवरून स्वतः आणायचे असते, पेये टेबलावर येतात. आता शाकाहाराविषयी एक महत्त्वाची गोष्ट, जी मला उशिरा कळली आणि ज्याची मला आजही खंत वाटते. बटाट्याचे सॅलड निरुपद्रवी दिसते आणि मी अनेक वर्षे ते शाकाहारी मंडळींना निःशंकपणे सुचवत होतो. व्हिएन्नाच्या पद्धतीत उकडलेल्या बटाट्यांवर बहुधा गोमांसाचा गरम रस्सा ओततात. त्यानेच त्याला तो ओलसर तुकतुकीतपणा येतो. एका स्वयंपाकिणीने मला पाककृती सांगितली तेव्हा हे समजले. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा. सूपही बहुतेक त्याच रश्श्याचे असते, वर धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असल्या तरी. लिप्टाउअर म्हणजे लाल पापरिका आणि कांदा घातलेला चीजचा मऊ लगदा. तो काळ्या पावावर लावून खा, पण त्यात कधी छोटे खारे मासे वाटून घालतात, तेव्हा तेही विचारून घ्या. चीज, भाजलेल्या मिरच्या, काकडीचे सॅलड आणि अक्रोड एवढ्यावर उत्तम संध्याकाळ होते.

तेथे पोहोचण्याचा मार्ग मी असा सुचवेन. दुपारी हायलिगेनश्टाटहून ३८ए क्रमांकाची बस पकडून ४८४ मीटर उंचीच्या कालेनबेर्ग टेकडीवर जा. १६८३ मध्ये वेढा उठवणारी पोलंडच्या राजाची आणि त्याच्या मित्रांची फौज याच उतारावरून खाली आली. तेथून संपूर्ण शहर आणि डॅन्यूब नदी दिसते. मग चढ न चढता, द्राक्षबागांमधल्या रस्त्याने सावकाश नुसडोर्फकडे उतरा. दीड तास पुरे होतो, आणि वाटेत बाके आहेत. पायथ्याशी एक ओढ्याकाठची वाट आहे, तिला बेटहोफेनची वाट म्हणतात. जवळच हायलिगेनश्टाटमध्ये १८०२ साली, ऐकू येईनासे होत असताना, त्याने आपल्या भावांना उद्देशून ते प्रसिद्ध पत्र लिहिले आणि कधी पाठवले नाही. ते घर आता संग्रहालय आहे. पत्राचा अनुवाद वाचून तेथे गेलात तर ऑपेरात 'फिडेलिओ' ऐकताना तुम्हाला ते घर आठवेल.

संग्रहालयांपैकी एकाचाच आग्रह धरतो, कला-इतिहास संग्रहालयाचा, आणि त्यातही एकाच दालनाचा. पीटर ब्रूगल या सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकाराची जेमतेम चाळीस चित्रे जगात उरली आहेत. त्यांतली बारा येथे आहेत. गुरुवारी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि सातनंतर गर्दी ओसरते. दालनाच्या मध्यभागी बसायला जागा आहे. १५६५ चे 'बर्फातले शिकारी' पाहताना थकलेल्या कुत्र्यांपासून सुरुवात करा आणि दूरच्या गोठलेल्या तळ्यावर घसरणाऱ्या मुलांपर्यंत नजरेने चालत जा. मग शेजारच्या शेतकऱ्यांच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी दार काढून त्यावर ताटे मांडून आणताना दिसतील. हे एक दालन एका तासात पाहावे आणि बाकीचे संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

प्राटरमधला १८९७ चा मोठा पाळणा नातवंडे बरोबर असतील तर घ्या. मला त्याच्या मागची चार किलोमीटरहून लांब, सरळ, झाडांची हमरस्त्याएवढी रुंद वाट अधिक आवडते. केंद्रीय दफनभूमीत ७१ क्रमांकाच्या ट्रामने जाता येते. बेटहोफेन, शुबर्ट आणि ब्राम्स तेथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि कोणी वारले की 'तो ७१ ने गेला' असे जुने व्हिएन्नाकर म्हणतात.

डॅन्यूबमधल्या बेटाकडे मात्र पर्यटक फिरकत नाहीत, आणि ते खरे तर योझेफच्या त्या शिलालेखाचे आधुनिक रूप आहे. पुरापासून शहर वाचवण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात नदीला समांतर नवा कालवा खणला, आणि निघालेल्या मातीतून २१ किलोमीटर लांबीचे बेट तयार झाले. ती मोक्याची जमीन बांधकामाला न देता लोकांना पोहण्या-फिरण्यासाठी ठेवली. शहराच्या मध्यातून यू-वन या भुयारी रेल्वेने दहा-बारा मिनिटांत तेथे उतरता येते, आणि उन्हाळ्यात कामावरून सुटलेली माणसे टॉवेल घेऊन थेट पाण्याकडे जाताना दिसतात. गोदाकाठच्या माणसांना हे पाहताना काय वाटते, ते मी अनेकदा त्यांच्या चेहऱ्यांवर वाचले आहे.

तारखा अजून ठरल्या नसतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडा. ऑपेराचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, बागांत तोडणी चाललेली असते, मोस्ट मिळते आणि संध्याकाळी बाहेर बसण्यापुरती ऊब असते. पहिले दोन दिवस काहीच ठरवू नका. कॉफीगृहाची दुपार तिसऱ्या दिवशी ठेवा, ऑपेरा त्यानंतर एक दिवस सोडून, म्हणजे पायांना विश्रांती मिळेल. कालेनबेर्गसाठी तारीख न ठरवता स्वच्छ उन्हाचा दिवस पाहा, आणि कोणत्या आठवड्यात नुसडोर्फमधले कोणते घर उघडे आहे हे मुलाला आधी फोन करून विचारायला सांगा. परतीची डी क्रमांकाची ट्राम तेथूनच सुटते आणि थेट ऑपेराच्या दारावरून जाते.